सदतिसाव्या पानावरचा शिक्का

आखाती युद्धाच्या वेळी मी सौदीत होतो हे कळलं की माणसं खुर्ची जवळ ओढतात. तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात मी ग्रंथपाल होतो हे कळलं की तीच खुर्ची हळूच मागे जाते. त्यांचं चुकत नाही. युद्धात ग्रंथपालाला काय काम? काम माझ्या बायकोला होतं. प्रमिला त्याच हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची सिस्टर होती. तिच्या मागोमाग मी तिकडे गेलो आणि तिच्याच शब्दावर मला नोकरी लागली. हॉस्पिटल होतं त्या अल खर्ज गावातली आपली माणसं मला नावाने क्वचितच ओळखत. मी ‘सिस्टरचे मिस्टर’ होतो.

प्रमिला मागच्या मार्गशीर्षात गेली. वॉर्डातल्या गोष्टी लिहायच्या तर तिनेच लिहायला हव्या होत्या. मी माझ्या खोलीतली एक गोष्ट लिहितो. एक पुस्तक परत करायचं होतं आणि त्याला आम्ही तीस वर्षांहून जास्त काळ लावला.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं. ग्रंथालयात आलेलं पुस्तक लगेच कपाटात जात नाही. ते दाखल रजिस्टरात चढतं, त्याला क्रमांक मिळतो आणि त्यावर शिक्के बसतात. एक शिक्का नावाच्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि तिसरा गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक ग्रंथालयाने स्वतः ठरवायचं आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही. पुण्यात आम्हाला शिकवणारे सर म्हणत, “पुस्तकचोर पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो. मधलं कुठलं ते त्याला माहीत नसतं. तिथे तो आपल्याला सापडतो.” अल खर्जला मी गेलो तेव्हा तिथे गुप्त पान ठरलेलंच नव्हतं. मी सदतीस ठरवलं. मिरजेच्या नर्सिंग होस्टेलात प्रमिलाच्या खोलीचा तो नंबर होता. हे फक्त तिला सांगितलं. ती म्हणाली, “तिथेसुद्धा शिक्के मारणारीच वॉर्डन होती.”

ग्रंथालय म्हणजे एक लांबट, बिनखिडक्यांची खोली होती. एका बाजूला लॅब, दुसऱ्या बाजूला शवागार. स्टोअर सांभाळणारे इब्राहिम पारकर, आमचे पारकरभाई, मूळचे दाभोळचे. ते म्हणत, “मास्तर, इकडून रिपोर्ट येतो, तिकडून बॉडी जाते. मधे तुमची पुस्तकं. म्हणजे वाचून कुणी वाचला नाय.” गिऱ्हाइकं मोजकीच. एक इजिप्शियन फार्मासिस्ट रोज दुपारी जर्नल उघडून त्याच्या सावलीत झोपायचा. एक सुदानी डॉक्टर परीक्षेचं एकच पुस्तक दर वर्षी पहिल्या पानापासून सुरू करायचा. आणि मेडिसिनचे प्रमुख, ज्यांना मी इथे डॉक्टर विल्मट म्हणतो. हे त्यांचं खरं नाव नव्हे. का, ते पुढे येईल.

साठीजवळ आलेले, उंच, वाकून चालणारे. इंग्लंडातल्या दोन जुन्या विद्यापीठांपैकी एकाचे ते विद्यार्थी. त्याचंही नाव त्याच कारणाने लिहीत नाही. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर सगळ्या डॉक्टरांच्या पदव्या लावल्या होत्या, पण त्यांची तेवढी सोनेरी चौकटीत होती. कागदपत्रं घेऊन येणारे अरब अधिकारी तिच्यासमोर क्षणभर थांबत. रोग्यांचे नातेवाईकसुद्धा विचारत, “तिथले डॉक्टर ते हेच ना?” आणि मग निम्मा आजार बरा झाल्यासारखे बसत.

विल्मट रोज दहा वाजता जर्नलं बघायला येत आणि पाच मिनिटांत विद्यापीठावर येत. ते विद्यापीठ नक्की कधी सुरू झालं हे विद्यापीठालाच ठाऊक नाही, असं ते अभिमानाने सांगत. मी हिशेब करून सांगितलं, की देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हा तिथे वर्ग भरत असणार. ते इतके खूश झाले की ‘यादव’ हा शब्द त्यांनी डायरीत लिहून घेतला. परीक्षेला काळा झगा घालूनच बसायचं, जेवणाआधी लॅटिनमध्ये प्रार्थना, आणि आवारातल्या हिरवळीवर फक्त शिक्षकांनी पाऊल ठेवायचं.

पारकरभाई एकदा तिथे होते, त्यांना मी हे मराठीत सांगितलं. ते मला म्हणाले, “आमच्या गावात पण गवतावर चालायला बंदी होती. गवत बकऱ्यांचं होतं.” मी विल्मटना भाषांतर करून सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, “तत्त्व तेच आहे.”

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे तिथलं ग्रंथालय. तिथून पुस्तक बाहेर जात नाही. कुणासाठीच नाही. देशात यादवी युद्ध चाललं असताना खुद्द राजाने एक पुस्तक मागवलं, तर ग्रंथपालाने त्याच्यापुढे नियमावली ठेवली आणि राजाने ती मान्य केली. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली आणि दर वेळी मला बरं वाटलं. आमच्या धंद्यात असे विजय फार नाहीत. तिथे नव्या वाचकाला एक शपथ घ्यावी लागते, तीही मोठ्याने: पुस्तक बाहेर नेणार नाही, त्यावर खूण करणार नाही, आत आग किंवा ज्योत पेटवणार नाही.

“नुसती सही नाही चालत?” मी विचारलं.

“सही हात करतो, मिस्टर सावंत. हात विसरतो.”

ऑगस्टमध्ये कुवेत इराकच्या ताब्यात गेलं आणि परदेशी कुटुंबं निघू लागली. ज्याला खुरूजचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा, शिक्का मिळाला तो दोन बॅगा घेऊन गेला. उरलेली पुस्तकं खोक्यांतून माझ्याकडे आली. प्रमिलाची रजा रद्द झाली होती, म्हणून आम्ही राहिलो. आमची मुलगी अश्विनी सांगलीला मावशीकडे शिकत होती. तिचं पत्र आलं की प्रमिला ते युनिफॉर्मच्या खिशात ठेवून ड्यूटीवर जायची.

विल्मट स्वतः राहिले, पण त्यांच्या पत्नी इंग्लंडला गेल्या. जाताना त्यांनी घर आवरलं आणि पुस्तकांचं खोकं माझ्याकडे पाठवून दिलं. त्या दुपारी माझ्या टेबलावर चार घरांची पुस्तकं होती. पारकरभाई एकेक उघडून पुढे करत होते, मी शिक्के मारत होतो. जांभळी शाई, न पुसली जाणारी. पहिलं पान, शेवटचं पान, सदतीस. खाकी कव्हर घातलेलं एक पातळ पुस्तक आलं. पहिलं, शेवटचं, सदतीस. तिसऱ्या शिक्क्याला कागद हाताला वेगळा लागला. जाड, खरबरीत, जुना. मी कव्हर काढलं. आत तपकिरी चामडं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याने तापांवर लिहिलेलं पुस्तक. नावाच्या पानाच्या मागे एक छोटा, फिकट शिक्का होता. त्या ग्रंथालयाचा.

“काय झालं, मास्तर?” पारकरभाईंनी विचारलं.

“हे पुस्तक इथे असू शकत नाही,” मी म्हणालो. “तिथून राजालाही पुस्तक मिळालं नव्हतं.”

अर्ध्या तासात विल्मट आले. खोकं त्यांच्या पत्नीने पाठवल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. त्यांनी टेबलावरचं उघडं पान पाहिलं आणि ते इजिप्शियन फार्मासिस्टच्या खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. विसाव्या वर्षी ते एका बक्षिसाच्या निबंधासाठी हे पुस्तक वाचत होते. शनिवारी ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली, चार पानं उरली होती, मंगळवारी निबंध द्यायचा होता. त्यांनी पुस्तक झग्याखाली घेतलं. सोमवारी परत ठेवायचं होतं. सोमवारी दारावर नेहमीचाच माणूस होता, पण तो आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटलं. बक्षीस मिळालं. मग आठवडा गेला, मग वर्ष, मग चाळीस वर्षं.

“पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय,” ते म्हणाले. “माझ्या कॉलेजने मला जेवणाला बोलावलंय, जुना विद्यार्थी म्हणून, मान द्यायला. तेव्हा हे बरोबर न्यायचं, वाचनकक्षात एका टेबलावर ठेवायचं आणि निघून यायचं, असं ठरवलं होतं.” त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. “अल खर्ज. इथून तिथे जाणारा माणूस एकच आहे.”

म्हणजे मी त्यांच्या चोरीवर त्यांचा पत्ता छापला होता. आयुष्यात प्रथमच मला माझ्या गुप्त पानाची लाज वाटली.

प्रमिलाला बोलावलं. ती कापूस आणि स्पिरिट घेऊन आली. “अहो, बाळाच्या हातावरचं जेन्शियनचं जांभळं औषध निघतं, ही तर शाई,” म्हणाली आणि सदतिसाव्या पानापासून सुरुवात केली. शिक्का जागचा हलला नाही. त्याच्याभोवती फक्त एक जांभळं ढगाळ वर्तुळ तयार झालं. तिने घाईने पान धरलं, आणि समासात तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. स्वच्छ, रेघ न् रेघ दिसणारा.

“आता दोन चोर झाले,” पारकरभाई म्हणाले.

मी भाषांतर केलं. कुणी हसलं नाही, पण विल्मट यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. प्रमिला हात पुसत त्यांना म्हणाली, “डॉक्टर, टेबलावर ठेवून पळून यायचं कशाला? हातात द्या. चूक हातात द्यायची असते.” तिचं इंग्लिश वॉर्डातलं होतं, सरळ, सूचना दिल्यासारखं. हॉस्पिटलात त्यांच्याशी असं बोलणारी ती एकटीच होती.

“त्या विद्यापीठावर माझं सगळं नाव उभं आहे, सिस्टर.”

“मग नाव पडेल, तुम्ही उभे राहाल.”

ते उठून गेले. पुस्तक मात्र माझ्याकडेच राहिलं. मी ते कुलपाच्या कपाटात ठेवलं. त्या रात्री चपात्या लाटताना प्रमिलाचा अंगठा जांभळाच होता.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. बिनखिडक्यांची म्हणून माझी खोली आमच्या मजल्याचा आसरा ठरली. दाराच्या फटींना चिकटपट्ट्या, कोपऱ्यात पाण्याचे कॅन, प्रत्येकाला एक गॅस मास्क. गावाजवळ विमानांचा तळ होता, त्यामुळे सायरन वरचेवर व्हायचा. एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर सायरन झाला तेव्हा आत आम्ही चौघेच होतो: विल्मट, प्रमिला, पारकरभाई आणि मी. दार लावलं, पट्टी मारली आणि दिवे गेले.

अंधारात पारकरभाईंच्या लायटरची चाकी वाजली.

“नको,” विल्मट मास्कच्या आतून ओरडले. “ग्रंथालयात ज्योत नाही.”

मी भाषांतर केलं. पारकरभाई म्हणाले, “वरून बॉम्ब पडतोय, आणि ह्यांना काडीची भीती? विचारा साहेबांना, मरताना पण नियम?”

“मरताना तर नक्कीच,” विल्मट म्हणाले. मग त्या काळोखात त्यांनी ती शपथ सगळी म्हटली, मास्कमुळे घोगऱ्या, दूरच्या आवाजात. बाहेर नेणार नाही, इथे आले तेव्हा ते थांबले. पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेले. दूर कुठेतरी धप्प झालं. टेबल हललं. प्रमिलाने माझा हात धरला होता. दुसरा हात तिने विल्मट यांच्या मनगटावर ठेवला होता, हे दिवे आल्यावर दिसलं. मला आधी वाटलं आधार म्हणून. नंतर तिने सांगितलं, ती नाडी बघत होती. “चुकत होती,” म्हणाली.

दिवे आले तेव्हा त्यांनी मास्क काढला. “हातात,” ते तिला म्हणाले. “मी हातात देईन, सिस्टर. तोपर्यंत ते इथेच राहू द्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी रजिस्टरात आहे.”

युद्ध संपलं आणि महिन्याभरातच, रमजानमध्ये, त्यांच्याच वॉर्डात त्यांचं हृदय थांबलं. प्रमिला शेवटपर्यंत जवळ होती. त्यांनी तिच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. पुस्तक मिस्टर सावंतांनी हातात द्यावं. आणि नाव सांगू नये. निदान पत्नीच्या कानांवर हे कधी येऊ नये. “मी हो म्हटलंय,” ती घरी येऊन म्हणाली. “म्हणजे आता तुम्हाला द्यायला लागणार.”

इथून पुढचं लिहायला मला जड जातं, कारण दोष माझा आहे. मी रजिस्टरात त्या नोंदीवर लाल रेघ मारली, ‘मूळ ग्रंथालयाकडे रवाना’ असं लिहिलं आणि पुस्तक ट्रंकेत घातलं. माझ्या नोकरीतली ती एकमेव खोटी नोंद. पंधरा वर्षांनी निवृत्त होऊन चिपळूणला आलो तेव्हा ते प्रमिलाच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात गेलं. दर दिवाळीला फराळाचे डबे भरताना ती विचारायची, “डॉक्टरांचं पुस्तक?” मी म्हणायचो, त्यांच्या मिसेस आहेत अजून, नाव फुटेल. त्या गेल्याचं पत्र आलं. मग मी म्हणालो, व्हिसाची कटकट. अश्विनी लग्न होऊन इंग्लंडलाच गेली, तिने तिकिटं काढते म्हणून सांगितलं, तर माझा गुडघा दुखत होता. पोस्टाने पाठवा असं प्रमिला कधीच म्हणाली नाही. खरं कारण तिला ठाऊक होतं. जगातल्या सगळ्यात कडक ग्रंथालयासमोर माझा जांभळा शिक्का घेऊन उभं राहायला मी घाबरत होतो. ती एवढंच म्हणायची, “मला तो दरवाजा बघायचाय, जिथून राजा परत गेला.” राजा स्वतः गेला नव्हता, त्याने माणूस पाठवला होता. मी तिला दर वेळी दुरुस्त करायचो. नेलं मात्र नाही.

ती गेल्यावर तेराव्यानंतर मी ते पुस्तक काढलं. हाताने आपोआप सदतिसावं पान उघडलं. ढगाळ वर्तुळ, शिक्का आणि बाजूला तिचा अंगठा. फोटो घरात पुष्कळ आहेत. आधारच्या कुठल्याशा यंत्रातही तिचा ठसा असेल. पण मला बघता येईल, बोट फिरवता येईल असा हा एकच होता. इतकी वर्षं मी ते पुस्तक भीतीने दिलं नव्हतं. आता मला ते द्यायचंच नव्हतं.

अश्विनी घर आवरायला आली होती. तिला सगळी हकीकत आईकडून ऐकून पाठ होती. ती पलंगावर माझ्याशेजारी बसली. “बाबा, आई काय म्हणाली होती?”

“एक पान मी ठेवून घेतलं तर?” मी विचारलं. तीस वर्षं पुस्तकचोरांच्या नावाने शंख करणाऱ्या माणसाने हे विचारलं.

“बाबा.”

“हातात,” मी म्हणालो.

पावसाळ्याआधी तिने मला तिकडे नेलं. दगडी इमारती मधाच्या रंगाच्या होत्या, हिरवळीवर खरंच कुणी चालत नव्हतं. ग्रंथालयाच्या कार्यालयात चष्मा लावलेली, पन्नाशीची एक बाई होती. मी साडीचा तुकडा सोडला आणि पुस्तक तिच्या दोन्ही हातांत दिलं. पाठ केलेली वाक्यं विसरलो. म्हणालो, “हे तुमचं आहे. फार उशीर झाला.”

तिने मागचा फिकट शिक्का पाहिला, संगणकावर शोधलं, मग आतून एक जुनी वही आणली. जागेवर नाही, अशी नोंद होती.

“कुणी नेलं होतं?”

“तो माणूस आता नाही. नाव न सांगायचा शब्द दिलाय.”

तिने मान डोलावली. “आणि हा जांभळा शिक्का?”

“तो माझा. मी ग्रंथपाल होतो. सवयीने मारला.”

ती पहिल्यांदाच हसली. “आणखी कुठे आहे?”

हे मी प्रमिलाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मी सदतिसावं पान उघडून दिलं. तिने भिंग घेतलं आणि शिक्क्यावरून समासात आली. “हे?”

“माझी बायको. ती नर्स होती. पुसायला गेली.”

“आम्ही काही पुसणार नाही,” ती म्हणाली. “आता हे पुस्तकाचंच आहे.” आणि तिने एका कार्डावर पेन्सिलने लिहायला घेतलं: सौदी अरेबिया, अल खर्ज, हॉस्पिटलचा शिक्का; समासात अंगठ्याचा ठसा, एका नर्सचा. मला नाव विचारलं. मी प्रमिलाचं पूर्ण नाव एकेक अक्षर करून सांगितलं.

मग मी ते विचारलंच. उत्तर माहीत असताना. “एक रात्र घरी नेता येईल?”

तिने भिंग खाली ठेवलं. “आमच्या एका राजाने—”

“मला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

“पण इथे बसून वाचता येईल. त्यासाठी शपथ घ्यावी लागते. मातृभाषेत घेतलीत तरी चालते.” तिने खणातून शोधून एक कागद काढला. त्यावर मराठी होतं. अश्विनी मागे उभी होती. मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. ज्योत पेटवणार नाही, इथे आलो तेव्हा मला लायटरची चाकी ऐकू आली. तिथे जरा थांबलो, पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेलो.

वाचनकक्षात त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली आणि पुस्तक मऊ उशीवर ठेवून आणलं. खूण करायची नाही असं आत्ताच कबूल केलं होतं, म्हणून मी माझा अंगठा तिच्या ठशाजवळ, कागदापासून जरा वर धरला. बंद व्हायची घंटा होईपर्यंत मी वाचत होतो. मला एकच पान वाचायचं होतं.